पाऊस पाडू पाहणारा शास्त्रज्ञ : अर्व्हिंग लँगम्यूर

हिवाळ्याच्या संध्याकाळी पिपरी (मेघे) येथील कुठल्याही गच्चीवरून वर पाहिले, की उंच आकाशात एखादी पांढरी रेघ हळूहळू ओढली जाताना दिसते. देशाच्या चारी दिशांना जाणारे हवाई मार्ग नागपूरच्या माथ्यावर एकमेकांना छेदतात, त्यामुळे वर्धेच्या आकाशाला अशा रेघांचे नावीन्य नाही. नावीन्य आहे ते या रेघांविषयी होणाऱ्या बोलण्याचे. विमानांतून काही औषध फवारले जाते, त्याने ढग फुटतात, पाऊस पळतो, माणसे आजारी पडतात, असे हल्ली पानठेल्यावर ऐकू येते आणि शिकल्या-सवरल्यांच्या मोबाइलवरही येऊन पडते. २००३ च्या दुष्काळाच्या सुमारास सातारा-सांगलीकडे पवनचक्क्या ढग पळवून लावतात असा समज पसरला होता, त्याच जातीचे हे बोलणे. याच्या अगदी उलट दुसरी समजूतही आपल्याकडे आहे. सरकारने विमान पाठवले, की पाऊस पडलाच पाहिजे; नाही पडला तर कुणीतरी पैसे खाल्ले! आमच्या गावाच्या नावातच मेघ डोकावतो म्हणून की काय, या विषयावर येथे तावातावाने वाद होतात. (नावातील ‘मेघे’चा पावसाशी संबंध आहे, असे मात्र मी म्हणत नाही.)

पाऊस पळवला म्हणणारे आणि पाऊस पाडा म्हणणारे, दोघांचाही एका गोष्टीवर विश्वास असतो : आकाशाची किल्ली माणसाच्या हाती आली आहे. ही समजूत आधुनिक काळात ज्याच्या अधिकारवाणीने जगभर पसरली तो कोणी भोंदू महाराज नव्हता. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेला, आयुष्यभर पुराव्याच्या बाबतीत कमालीचा कडक राहिलेला असा तो शास्त्रज्ञ होता. म्हणूनच त्याचे चरित्र आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही वाचण्यासारखे आहे.

अर्व्हिंग लँगम्यूर यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. चार भावांत ते तिसरे. घरात निरीक्षणाची आणि टिपणे ठेवण्याची शिस्त होती. जे पाहिले ते लिहून ठेवावे, असा आईवडिलांचा आग्रह असे. गंमत अशी, की ज्या मुलाला निरीक्षण शिकवले जात होते त्याला धड दिसतच नव्हते. अकराव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी अधू आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. चष्मा लागला आणि त्याला झाडाची पाने वेगवेगळी दिसू लागली. नुसत्या हिरव्या ढिगाऱ्याचे असे एकाएकी झाड होणे, हा अनुभव किती विलक्षण असेल! पुढे जन्मभर या माणसाला बारीकसारीक गोष्टी पाहण्याची जी हाव राहिली तिचे मूळ मला तरी त्या चष्म्यात दिसते. कुटुंब तीन वर्षे पॅरिसला होते, तेव्हा त्यांचे काही शिक्षण तेथे झाले. थोरला भाऊ आर्थर रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने धाकट्याला प्रयोगांची गोडी लावली.

१९०३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून धातुशास्त्राची पदवी घेऊन लँगम्यूर जर्मनीत गटिंगेनला गेले. तेथे वाल्टर नेर्न्स्ट यांच्या हाताखाली त्यांनी १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर न्यूजर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षे अध्यापन केले. १९०९ च्या उन्हाळ्याच्या सुटीत ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत काही दिवसांपुरते म्हणून गेले आणि मग चाळीस वर्षे तेथेच राहिले.

त्या काळी विजेच्या दिव्याची मोठी अडचण होती. टंगस्टनची तार तापली, की काच आतून काळी पडे आणि दिवा मंद होई. दिव्यात निर्वात पोकळी पुरेशी नसल्यामुळे हे होते, असे सर्वांचे मत होते आणि अधिक चांगला निर्वात कसा साधता येईल यासाठी सारे झटत होते. लँगम्यूर यांनी उलटी वाट धरली. एखादा दोष कमी करणे कठीण असेल तर तो मुद्दाम वाढवावा आणि काय होते ते पाहावे, हे त्यांचे सूत्र. त्यांनी दिव्यात निरनिराळे वायू हाताने भरले, एकेक करून, मोजून, नोंद ठेवून. कंपनीला त्यातून पैसा सुटेल की नाही याची फिकीर न करता ते यात वर्षानुवर्षे रमले आणि संचालक विलिस व्हिटनी यांनी त्यांना रमू दिले. आपल्याकडे किती संचालकांनी रमू दिले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. शेवटी सत्य बाहेर पडले. काच काळी पडते ती तापलेल्या टंगस्टनच्या बाष्पीभवनामुळे, आणि दिव्यात नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरून तारेचे वेटोळे केले तर ते बाष्पीभवन मंदावते. १९१३ मध्ये वायूने भरलेला दिवा तयार झाला. पुढे नायट्रोजनच्या जोडीला आर्गॉन वायू आला. आपल्या घरांत अगदी परवापरवापर्यंत जो पिवळा बल्ब जळत होता तो याच वंशातला.

त्यांची बाकीची कामगिरी सांगायची तर पाने पुरणार नाहीत. पाण्यावर तेल टाकले, की त्याचा एकाच रेणूच्या जाडीचा थर कसा पसरतो याचा त्यांनी छडा लावला. या कामात कॅथरीन ब्लॉजेट या विदुषीची त्यांना साथ होती. या पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राबद्दल १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्युत्भारित वायूला प्लाझ्मा हे नाव त्यांनी दिले. १९२७ मध्ये जहाजातून अटलांटिक ओलांडताना समुद्रावरचे शेवाळ वाऱ्याच्या दिशेने सरळ ओळींत मांडलेले त्यांना दिसले. इतर उतारूंनीही ते पाहिले असेलच. लँगम्यूर घरी आले आणि जॉर्ज सरोवरावर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून पाण्यात समांतर भोवरे कसे फिरतात ते सिद्ध केले. त्या अभिसरणाला आज त्यांचेच नाव आहे. पन्नाशीच्या आसपास ते विमान चालवायला शिकले. डोंगर चढणे, बर्फावरून घसरत जाणे हे छंद तर होतेच.

आकाशाकडे ते वळले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. सैन्यासाठी धुराचे पडदे कसे तयार करावेत, विमानाच्या पंखांवर बर्फ का साचतो, असे प्रश्न सरकारने त्यांच्यापुढे ठेवले. त्यासाठी ते न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टन या अतिशय वादळी शिखरावर जाऊ लागले. बरोबर व्हिन्सेंट शेफर नावाचा सहायक होता. शेफर यांनी घरच्या गरिबीमुळे शाळा अर्धवट सोडली होती, कारखान्यात यंत्रकाराची उमेदवारी केली होती. लँगम्यूर यांनी त्यांच्यातला शास्त्रज्ञ ओळखला, ही गोष्ट नोबेलपेक्षा लहान मानू नये.

त्या शिखरावर दोघांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ढगातले पाणी शून्य अंशाखाली बरेच थंड झाले तरी गोठत नाही. थेंब पाण्याचेच राहतात. गोठायला त्यांना काहीतरी निमित्त लागते. हे निमित्त कोणते, ते शोधण्यासाठी शेफर यांनी एका घरगुती शीतपेटीला आतून काळे मखमली अस्तर लावले, आत तोंडाने श्वास सोडून लहानसा ढग केला आणि त्यात नाना प्रकारच्या पुडी टाकून पाहिल्या. काही होईना. जुलै १९४६ मध्ये एका उकाड्याच्या दिवशी पेटी नीट थंड होत नव्हती म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा, म्हणजे घट्ट झालेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचा, तुकडा ठेवला. क्षणात त्या श्वासाच्या ढगात लक्षावधी हिमकण चमचमू लागले.

१३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफर विमानातून सुमारे चौदा हजार फुटांवर गेले आणि मॅसॅच्युसेट्समधील एका ढगावर त्यांनी कोरड्या बर्फाचा चुरा सोडला. लँगम्यूर विमानतळाच्या मनोऱ्यावरून पाहत होते. त्या ढगातून हिमाच्या झालरी खाली लोंबू लागल्या. जमिनीपर्यंत काही पोचले नाही, वाटेतच विरले. पण माणसाच्या हाताने ढगाचे रूप पालटलेले लँगम्यूर यांनी डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सापडले, की सिल्व्हर आयोडाइडच्या कणांची ठेवण बर्फाच्या स्फटिकासारखी असल्याने त्यांचा धूरही हेच काम करतो. आजच्या कृत्रिम पावसाचा पाया त्या दोन दिवसांत घातला गेला. (बर्नार्ड यांचे धाकटे भाऊ कर्ट व्हॉनेगट हे पुढे नामवंत कादंबरीकार झाले. १९६३ च्या ‘कॅट्स क्रेडल’ या त्यांच्या कादंबरीतील शास्त्रज्ञ लँगम्यूर यांच्यावरूनच घेतलेला आहे. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी.)

येथवरचे सारे शास्त्र पक्के आहे. ढग असला, तो पुरेसा थंड असला आणि त्यात पाणी न गोठता थांबलेले असले, तर बीज टाकून त्यात हिमकण तयार होतात. परंतु ढगात हिमकण तयार होणे आणि शेतात पाऊस वाढणे या दोहोंत फार मोठे अंतर आहे. तो ढग बीज टाकले नसते तर बरसलाच नसता, हे कसे सांगणार? एकच ढग दोनदा जगत नाही. दिव्यात वायू भरून आणि वायू न भरता, असे दोन्ही प्रकारे दहा वेळा पाहता येते. आकाश तशी सवलत देत नाही.

नेमका येथेच लँगम्यूर यांचा तोल गेला. २० डिसेंबर १९४६ रोजी त्यांच्या मंडळींनी पुन्हा ढगांवर प्रयोग केला आणि त्यानंतर त्या भागात जोराचे हिम पडले. हवामानशास्त्रज्ञांच्या मते ते येणारच होते. लँगम्यूर यांच्या मते ते आपण आणले होते. यामुळे आनंद कोणाला झाला असेल तो असो, कंपनीच्या वकिलांना मात्र घाम फुटला. हिमात मोटारी अडकल्या, कोणी पडून हातपाय मोडले, तर भरपाई कोणाकडे मागायची? त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. १९१६ मध्ये सॅन डिएगो शहराने चार्ल्स हॅटफील्ड नावाच्या पाऊसवाल्याला दहा हजार डॉलर कबूल केले होते. त्याने मनोऱ्यावर रसायनांची भांडी ठेवली, पाठोपाठ असा पाऊस झाला की धरण फुटून माणसे वाहून गेली. शहराने त्याला पैसे तर दिले नाहीतच, उलट पैसे हवे असतील तर नुकसानीची जबाबदारीही घे, असा पेच टाकला. हे लक्षात ठेवून कंपनीने १९४७ मध्ये सारे उड्डाण सैन्याच्या हवाली केले. ‘प्रोजेक्ट सिरस’ असे त्या कामाचे नाव.

१३ ऑक्टोबर १९४७ रोजी या मंडळींनी अटलांटिकमधील एका चक्रीवादळावर सुमारे ऐंशी किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ किनाऱ्यापासून दूर समुद्रात चालले होते. त्यानंतर ते एकदम वळले आणि जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहराच्या बाजूने जमिनीवर आदळले. लोक खवळले. पुढे नोंदी तपासल्यावर असे दिसले, की वादळाने वळायला बीज टाकण्याआधीच सुरुवात केली होती, आणि १९०६ मध्ये कोणीही काही न टाकता एक वादळ जवळजवळ असेच वळले होते. आता यातली मौज पाहा. सव्हानाच्या रहिवाशांना वाटत होते, की वादळ सरकारने आपल्यावर घातले. लँगम्यूर यांनाही वाटत होते, की ते वादळ आपणच वळवले. आरोप करणारा आणि आरोपी यांचे एकमत! दोघांचा तर्क एकच होता : आधी हे झाले, मग ते झाले, म्हणून यामुळे ते झाले.

१९४९ च्या डिसेंबरपासून त्यांनी न्यू मेक्सिकोमध्ये दर आठवड्याला ठराविक दिवशी जमिनीवरील भट्टीतून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडण्यास सुरुवात केली. मग देशभरच्या पावसाच्या नोंदी काढून ते बसले. हजार मैलांपलीकडील ओहायो नदीच्या खोऱ्यातही पाऊस दर सात दिवसांनी हेलकावे घेतो असे त्यांना दिसले, आणि हा आपल्याच धुराचा प्रताप, असे त्यांनी जाहीर केले. अमेरिकेच्या हवामानखात्याचे प्रमुख रायकेल्डर्फर यांच्या माणसांनी जुन्या नोंदी काढून दाखवल्या. धूर नसतानाही असे सात दिवसांचे हेलकावे पूर्वी आले होते. लँगम्यूर यांनी ऐकले नाही. योगायोगाने असे होणे जवळजवळ अशक्य आहे, याचे गणित ते मांडत राहिले. गणित चुकलेले नव्हते. हेलकावे नैसर्गिक असू शकतात, ही शक्यता त्यांनी त्या गणितात घेतलीच नव्हती. हवामानावर ताबा मिळवणे हे अणुबाँबइतकेच प्रचंड सामर्थ्य आहे, असेही ते सरकारला सांगू लागले. ऑगस्ट १९५० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. त्याच सुमारास त्यांच्या शोधाचे लोण आपल्याकडेही आले. १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीने आपल्या सह्याद्रीत जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला, आणि १९५२ मध्ये डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी कलकत्त्यात फुग्यांबरोबर मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड वर पाठवले.

या चरित्रातला सर्वांत विलक्षण दिवस १८ डिसेंबर १९५३ हा आहे. त्या दिवशी निवृत्त लँगम्यूर यांनी स्केनेक्टडीजवळच्या प्रयोगशाळेत एक व्याख्यान दिले. विषय होता शास्त्रज्ञ स्वतःला कसे फसवतात हा. त्यांनी त्याला रोगट विज्ञान असे नाव दिले. येथे लबाडीचा प्रश्न नाही. माणूस प्रामाणिक असतो, हुशार असतो, तरी जे नाही ते त्याला दिसू लागते. फ्रान्समधील नान्सी येथील ब्लाँद्लो यांची हकिकत त्यांनी सांगितली. १९०३ मध्ये या गृहस्थांना एन किरण नावाचे नवे किरण सापडले. ते अंधारात अतिशय मंद चमकेत दिसत, आणि पुष्कळ जणांना दिसलेही. मग अमेरिकेहून वुड नावाचा शास्त्रज्ञ गेला आणि त्याने अंधारात यंत्रातला लोलक हळूच खिशात घातला. ब्लाँद्लो यांना किरण तरीही दिसतच राहिले! असे रोग ओळखायचे कसे, याची लक्षणे लँगम्यूर यांनी वैद्याप्रमाणे सांगितली. परिणाम जेमतेम दिसण्याइतका असतो. कारण वाढवले तरी परिणाम वाढत नाही. अचूकतेचा दावा मोठा असतो. कोणी शंका घेतली, की त्या क्षणी सुचलेले समर्थन तयार असते. उडत्या तबकड्या आणि मनाने पत्ते ओळखणे यांचाही त्यांनी समाचार घेतला.

पाऊस मात्र त्या यादीत नव्हता.

त्यांना यात काही विसंगती जाणवली असेल का? मला वाटते, नसावी. दांभिकपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. बहुधा दिव्याच्या काळ्या काचेने शिकवलेले धैर्यच त्यांना येथे नडले. तेव्हा सारे जग एका बाजूला आणि लँगम्यूर एकटे दुसऱ्या बाजूला होते, आणि लँगम्यूर बरोबर ठरले होते. एकदा असे झालेल्या माणसाला दुसऱ्या वेळी जगाचे ऐकणे फार जड जाते. १६ ऑगस्ट १९५७ रोजी वुड्स होल येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पाऊस पाडता येतो ही श्रद्धा शेवटपर्यंत अढळ होती. ते व्याख्यान ध्वनिमुद्रणावरून उतरवून १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते आवर्जून वाचायला सांगतात.

त्यांच्या माघारी त्यांच्या स्वप्नाला दोन फाटे फुटले. पहिला फाटा गुप्ततेचा. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनाम युद्धात हो चि मिन्ह मार्गावर चिखल व्हावा म्हणून गुपचूप मेघबीजन केले. १९७२ च्या सुमारास ते वृत्तपत्रांतून फुटले, १९७४ मध्ये सरकारला ते कबूल करावे लागले, आणि १९७७ मध्ये हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात सामील आहे. म्हणजे आकाशात सरकार काही गुपचूप करते, हा संशय निव्वळ हवेतून आलेला नाही. एकदा खरोखर घडले होते. १९९६ मध्ये अमेरिकी हवाईदलासाठी हवामानावरील भावी प्रभुत्वाविषयी एक कल्पनारंजक निबंध लिहिला गेला आणि त्यानंतर विमानांच्या रेघा म्हणजेच विषारी फवारणी, ही केमट्रेल नावाची समजूत पसरली.

रेघेचे खरे कारण शेफर यांच्या त्या शीतपेटीतच आहे. विमानाचे एक किलो इंधन जळाले, की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ होते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे चाळीसच्याही खाली असते. तेथे ही वाफ बाहेर पडताच गोठते, थंड पेटीत सोडलेल्या श्वासासारखीच. वरची हवा कोरडी असली तर रेघ विमानाच्या शेपटीपाशीच विरते. दमट असली तर तासन्‌तास टिकते, रुंदावते आणि पातळ ढगांसारखी पसरते. एकाच संध्याकाळी एक रेघ आखूड आणि दुसरी लांब दिसते ती दोन विमाने वेगळ्या उंचीवर असतात म्हणून. फवारणीचा पुरावा म्हणून हीच गोष्ट दाखवली जाते हे विशेष! २०१६ मध्ये अमेरिकेत या विषयाच्या सत्त्याहत्तर जाणकारांना विचारण्यात आले. शहात्तर जणांना गुप्त फवारणीचा कोणताही पुरावा आढळला नव्हता. या रेघांमुळे पृथ्वीच्या उष्णतेत थोडी भर पडते, हा मात्र अभ्यासाचा गंभीर विषय आहे. मेघबीजन करणारे विमान तर एवढ्या उंचावर जातच नाही. ते ढगाच्या बुडाशी किंवा माथ्याशी फिरते, आणि त्याच्यामागे अशी लांब रेघ राहत नाही.

दुसरा फाटा मला अधिक मोलाचा वाटतो आणि तो महाराष्ट्रात फुटला. लँगम्यूर यांनी न केलेली गोष्ट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बारामतीला केली. १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे त्यांनी विमानातून ढगांवर बारीक वाटलेले मीठ शंखजिऱ्यात मिसळून टाकले. आपल्याकडचे पावसाळी ढग बरेचदा उबदार असतात. तेथे बर्फाची युक्ती चालत नाही. मीठ ओलावा ओढून मोठे थेंब करते आणि ते लहानांना गिळत खाली येतात. पण मिठापेक्षा मांडणी महत्त्वाची. अठ्ठेचाळीसशे चौरस किलोमीटरच्या प्रदेशाचे तीन पट्टे पाडले : उत्तर, दक्षिण आणि मध्ये एक मोकळा. कोणत्या दिवशी कोणत्या पट्ट्यावर मीठ टाकायचे हे शास्त्रज्ञांच्या मर्जीवर नव्हते, ते चिठ्ठी टाकल्यासारखे आधीच ठरत असे; दुसरा पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. म्हणजे ढग भरून आलेला पाहून मोह होण्याची सोयच ठेवली नाही. अकरा पावसाळ्यांच्या हिशेबात चोवीस टक्के वाढ दिसली. पुढे सोलापूरला २०१८ आणि २०१९ मध्ये याच संस्थेने दोनशे शहात्तर ढग निवडून अशीच चिठ्ठी टाकली, तेव्हा वाढ सुमारे अठरा टक्के आली.

अठरा काय नि चोवीस काय, हे आकडे चांगल्या भरलेल्या ढगांवरचे आहेत. ज्या वर्षी आमच्याकडे धोंडी निघते, मुसळाला बेडूक बांधून पोरे दारोदार पाणी मागतात, त्या वर्षी असे ढगच नसतात. २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने दुष्काळात कृत्रिम पावसाची विमाने उडवली तेव्हा हीच अडचण होती. शून्याचे चोवीस टक्के किती, हे सांगायला गणिताच्या प्राध्यापकांची गरज नाही. भेंडवळच्या घटमांडणीचे जसे, तसेच विमानाचेही होते : भाकीत खरे ठरलेले वर्ष सर्वांच्या लक्षात राहते, न ठरलेली वर्षे कोणी वहीत मांडत नाही.

न्यू मेक्सिकोमध्ये मॅग्डालेना पर्वतावर, दहा हजार फुटांहून उंच, १९६३ पासून एक वेधशाळा आहे. जेथून लँगम्यूर दर आठवड्याला धूर सोडत त्या सोकोरो गावापासून ती जवळच आहे, आणि तिला लँगम्यूर यांचेच नाव दिले आहे. उन्हाळ्यात दुपारी त्या पर्वतावर गडगडाटी ढग जमतात. तेथील शास्त्रज्ञ त्यांच्यावर काही टाकत नाहीत. ढगात वीज कशी साठते आणि कुठे पडते, एवढेच ते मोजतात.